वकिलासकट कुटुंब

कुटुंबाचा फोटो काढणं म्हणजे नुसतं बटण दाबणं, असा ज्यांचा समज आहे त्यांनी एकदा आपल्याच घरातल्या पाच-सहा माणसांना एका वेळी एका दिशेला बघायला लावून दाखवावं. माझा धंदाच तो आहे. त्यात माझा हात धरणारा कोणी नाही हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

माझी पद्धत सोपी आहे. घरात शिरल्यावर विचारायचं काहीच नाही, नुसतं सांगत सुटायचं. एकदा का तुम्ही लोकांचं मत विचारलंत, की संपलं. मावशींना खिडकीपाशी बसायचं असतं, काकांच्या डोळ्यांवर खिडकीचा उजेड येतो, आणि थोरल्या जावयांना फोटोत मुळी यायचंच नसतं. फक्त त्यांना कोणीतरी दंडाला धरून ओढून आणावं एवढीच माफक अपेक्षा असते. म्हणून मी हुकूम सोडतो. सैन्यात गेलो असतो तर आज सेनापती असतो! बायको म्हणते, असाच एखादा हुकूम घरात सोडून दाखवा. पण तो विषय वेगळा.

तर त्या रविवारी एका शिक्षिकाबाईंच्या घरी जायचं होतं. त्यांचा फोन आला होता, आवाज वर्गात छडी घेऊन उभं राहिल्यासारखा. तिसरा मजला, आम्ही सहा जण, वेळेवर या. मी वेळेवरच निघालो. इमारतीची लिफ्ट बंद होती. एका खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, दुसऱ्यावर दिव्यांची, काखेत ट्रायपॉड, हातात दिव्यावर लावायची ती पांढरी छत्री. जिने चढताना मजले मोजायचे असतात हे मला ठाऊक आहे, पण दम लागल्यावर माणूस मजले मोजत नाही, पायऱ्यांना शिव्या मोजतो. एका उघड्या दारापाशी पोचलो तेव्हा माझ्या पायांनी मला न विचारता ठरवून टाकलं, की हाच तिसरा.

आत डोकावलो. ठेवणीतले कपडे घातलेली माणसं भिंतीकडेने खुर्च्यांवर बसली होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. दात काढायला आल्यासारखे चेहरे. दुसरा कोणी असता तर दारातूनच माघारी फिरला असता. मी नाही फिरलो. फोटोच्या आधी सगळी कुटुंबं अशीच दिसतात! डोकी मोजली, तर सहा भरली. म्हणजे घर बरोबर.

दारात एक आजी आल्या. बारीक अंगकाठी, डोळे मात्र सुईसारखे. मी म्हटलं, फोटोसाठी आलोय. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बॅगांकडे, मग छत्रीकडे. क्षणभर जिन्याच्या वरच्या बाजूला नजर टाकली. आणि म्हणाल्या, “या. बरं झालं आलात.”

आता यात मी काय समजायचं होतं?

मी कामाला लागलो. आधी फोन गप्प करून बॅगेच्या तळाशी टाकला. कामाच्या वेळी फोन नाही, हा माझा नियम. मग दिवा उभा केला आणि छत्री उघडली. घरात छत्री उघडली की लोक हटकून छताकडे बघतात, तसे सगळ्यांनी पाहिलं. त्यांच्यात एक थोरला मुलगा होता, पोट सुटलेला, चेहरा गंभीर. एक धाकटा होता, उंच आणि चिडका. दोघांच्या बायका दोन टोकांना बसल्या होत्या. आणि एक गृहस्थ होते काळ्या कोटातले, मांडीवर पिशवी घेऊन. घरातल्या घरात, पंख्याखाली, कोट घालून ताठ बसणारा माणूस जावईच असणार, असा मी हिशोब केला आणि त्यांची जागा मनात मधोमध नक्की केली. जावयाला कडेला बसवलं की नंतर फोन येतात.

या कोटवाल्या साहेबांनी मला हळूच विचारलं, की आपण कोणाच्या वतीने आला आहात? प्रश्न मला चमत्कारिक वाटला, पण जावई लोक चमत्कारिक बोलतात. मी म्हटलं, “सगळ्यांच्याच वतीने. माझ्यासाठी सगळे सारखे.” ते एकदम प्रभावित झाले. मान डोलावून त्यांनी पिशवीतून कंगवा काढला आणि आरशाकडे गेले.

त्या खोलीत नेमकं काय चाललं होतं, हे आता सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखेच फसाल. त्या घराची त्या दिवशी वाटणी होती. आजोबांच्या मागे घर विकायचं, पैसे दोघा भावांनी वाटून घ्यायचे आणि आजींनी चार महिने एकाकडे, चार महिने दुसऱ्याकडे असं फिरत राहायचं, असे कागद तयार होऊन आले होते. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. कोटवाले साहेब जावई नव्हते, वकील होते. मला पाहून थोरल्याला वाटलं, हा फोटोवाला वकिलांनी आणलाय, पुराव्यासाठी. धाकट्याला वाटलं, दादाने आणलाय, नक्कीच यात काहीतरी डाव आहे. वकीलसाहेबांना वाटलं, हल्ली सह्या करतानाचे फोटो काढायची पद्धत निघाली असेल, आपल्याला माहीत नाही हे अशिलांसमोर कशाला दाखवा. आणि या तिन्ही समजांच्या मधोमध मी उभा होतो, सेनापतीसारखा हुकूम सोडत.

मी सांगितलं, टेबल हलवा. टेबल हललं. मी सांगितलं, ती मोठी खुर्ची इकडे आणा. ती आजोबांची खुर्ची होती म्हणे, आणि ती कोणाकडे जायची यावरून दोन्ही सुनांमध्ये महिनाभर धुसफूस चालली होती. दोघींनी मिळून ती उचलून आणली, कारण एका बाजूने उचलली तर ती आपलीच असं दुसरीला वाटेल, अशी दोघींना भीती होती. एवढ्या एकजुटीने काम करणाऱ्या जावा मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या, आणि तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी छत्री सारखी करायला गेलो.

आजींना खुर्चीत बसवलं तर खुर्ची एका पायावर डगमगत होती. टेबलावर जाडजूड कागदांची चळत पडली होती. मी तिची मस्त घडी घातली आणि खुर्चीच्या पायाखाली सारली. कागद उत्तम प्रतीचा होता, खुर्ची जागची हलेना. हे करताना वकीलसाहेब आरशात भांग पाडत होते आणि भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे होते. पाहिलं ते फक्त आजींनी. त्या खुर्चीत जरा जास्तच टेकून बसल्या, असं मला वाटलं.

मग मी सगळ्यांना लावून घेतलं. मागे दोन सुना, मधे आजी, त्यांच्या शेजारी वकीलसाहेब, दोन्ही बाजूंना भाऊ. चेहरे मात्र तसेच. मी म्हटलं, जरा हसा. कोणी हसेना. थोरला वकिलांकडे वळून म्हणाला, “हसलंच पाहिजे का?”

वकीलसाहेबांनी गंभीरपणे विचार केला. “हसलेलं बरं,” ते म्हणाले. “उद्या जबरदस्तीने बसवलं होतं असं कोणी म्हणायला नको.”

झालं. सगळे कायद्याला धरून हसले. इतकं भयंकर हसू मी कॅमेऱ्यातून कधी पाहिलं नव्हतं. अंगात कपडे घट्ट झाल्यासारखं, दातांवर दात घट्ट. मी म्हटलं, अहो, जवळ तरी या. धाकटा वकिलांना म्हणाला, त्यांना सांगा सरकायला. थोरला वकिलांना म्हणाला, त्यांना सांगा मी सरकलोय. मला वाटलं, यांच्या घरातली ही काहीतरी जुनी थट्टा असेल. मी मनापासून हसलो आणि हुकूम सोडला, की थोरल्या भावाने मागे यायचं आणि धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवायचा.

 दोन्ही सुना मागून पुढे वाकल्या. थोरल्याने परत वकिलांकडे पाहिलं. वकीलसाहेब म्हणाले, हरकत नाही, त्याने सामंजस्य दिसतं. थोरला मागे गेला. त्याने तापलेल्या तव्याला हात लावावा तसा धाकट्याच्या खांद्याला हात लावला. मी म्हटलं, असा नाही, पूर्ण टेकवा, वजन द्या. त्याने वजन दिलं.

मी डोळा कॅमेऱ्याला लावून थांबलो होतो. धाकट्याने मान वळवून खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं. थोरल्याचं एक बोट वाकडं होतं, नख काळं पडलेलं.

“बोटाला काय झालं?” धाकट्याने विचारलं. वकिलांना नाही, सरळ त्यालाच.

“दारात सापडलं.”

“कधी?”

“झाले बरेच दिवस.”

“कोणी सांगितलं नाही मला.”

 थोरल्याने हात काढला नाही, आणि दोघांच्या चेहऱ्यांवरचं ते कायदेशीर हसू उतरलं. मी बटण दाबलं. फोटोवाल्याला त्या क्षणी कळतं की मिळालं. कसं कळतं ते सांगता येत नाही, पण पोटात कळतं.

आणि नेमक्या त्याच वेळी दारातून आवाज आला, “आजी, तुमच्याकडे एखादी मोठी खुर्ची असेल का? आमचा फोटोवाला अजून उगवला नाहीये, तोवर म्हटलं...” वर्गात छडी घेऊन उभं राहिल्यासारखा आवाज. मी गार पडलो. शिक्षिकाबाईंनी छत्री पाहिली. मग कॅमेरा पाहिला. मग मला पाहिलं. त्यांना ओळखायला काही वेळ लागला नाही. इमारतीत एकाच रविवारी छत्र्या उघडून बसणारे किती फोटोवाले असणार?

त्यांनी मला शांतपणे विचारलं की मी तिथे काय करतोय. मी शांतपणे म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरचा फोटो काढतोय. त्या म्हणाल्या, हा दुसरा आहे.

यानंतर जे झालं ते मी बॅगेआड उभं राहून पाहिलं. थोरल्याने वकिलांना विचारलं, यांना तुम्ही बोलावलं नव्हतं? वकिलांनी धाकट्याकडे बोट दाखवलं, मला वाटलं यांनी. धाकटा म्हणाला, मला वाटलं दादाने. थोरली सून म्हणाली, मला वाटलं हल्ली असंच असतं. मी वकीलसाहेबांना विचारलं, तुम्ही यांचे जावई नाही? तर त्यांनी कोटाची बटणं लावून घेतली आणि आपण वकील आहोत असं अशा आवाजात सांगितलं, की मला वाटलं आता माझ्यावरच खटला होणार. मग सगळ्यांना एकदम आठवलं, की मला आत आजींनीच घेतलं होतं.

“आई, तुला माहीत होतं?” थोरल्याने विचारलं.

“सकाळीच ही जिन्यात भेटली होती,” आजी शिक्षिकाबाईंकडे हात करून म्हणाल्या. “सांगत होती, आज आमच्याकडे फोटोवाला यायचाय म्हणून.”

“मग यांना वर का नाही पाठवलंस?”

 पदर नाही, रुमाल नाही, डोळ्यांत पाणी नाही. बाजारात भाव सांगावा तसं आजींनी सांगितलं, “तुमचे बाबा गेल्यापासून या घरात सगळे एकदम कधी आलात? आज आलात, ते घर मोडायला. चांगले कपडे घालून आलात. हे आपणहून दारात उभे राहिले, त्यांना वर कशाला पाठवू? पुढे मला चार महिने इकडे, चार महिने तिकडे राहायचंय. भिंतीवर लावायला काहीतरी नको का?”

 शिक्षिकाबाई खुर्ची मागायला आल्या होत्या हेही विसरल्या. वकीलसाहेबांनी घसा खाकरला आणि म्हणाले की झालं ते झालं, आता सह्यांचं बघू, कागद कुठे आहेत? सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर माझी लेन्सची झाकणं होती.

मला सांगावंच लागलं. “खुर्चीखाली,” मी म्हटलं. “पाय डगमगत होता.”

वकीलसाहेब खाली वाकले. कागद होते, पण खुर्चीच्या आणि आजींच्या वजनाने त्यांच्यात आरपार भोक पडलं होतं आणि भोकाभोवती खुर्चीच्या पायाचं पॉलिश उतरलं होतं. त्यांनी आजींना जरा उठायची विनंती केली. आजी म्हणाल्या, अजून एक फोटो काढायचाय, मगाशी मी भलतीकडेच बघत होते, तो होईपर्यंत मी उठणार नाही. वकीलसाहेब म्हणाले, ठीक आहे, पण आता मी फोटोत नको. आजी म्हणाल्या, “बसा हो. तुम्ही उठलात तर मधे भोक पडेल.” आज एका भोकाने त्यांचं पुरेसं नुकसान झालं होतं, ते बसले. आणि खरं सांगतो, त्या दुसऱ्या फोटोत ते इतके गोड हसले, की त्यांना पाहून कोणीही म्हणावं, घरचा सगळ्यात लाडका मुलगा हाच.

नवे कागद करायला वेळ लागणार होता, म्हणून सह्या पुढे ढकलल्या. मी वर जाऊन शिक्षिकाबाईंचाही फोटो काढला. त्यात सगळं कुटुंब प्रसन्न आहे. बाई तेवढ्या, वर्गात मागच्या बाकावरून कोणीतरी शिट्टी मारल्यासारख्या माझ्याकडे बघतायत.

आठवड्याने धाकटा माझ्या स्टुडिओत आला. इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, की फोटो छान आहे, पण दादाला काढून टाकता येईल का? मी म्हटलं, येईल, पण तुमच्या खांद्यावर त्याचा हात राहील. नुसता हात. त्याने स्क्रीनवरच्या हाताकडे बराच वेळ पाहिलं, मग म्हणाला, राहू दे, आहे तसाच द्या. दोन दिवसांनी थोरला आला. त्याला धाकटा नको होता. मी दाखवलं, की धाकटा काढला तर तुम्ही हवेत हात धरून उभे दिसाल, अंधारात बटण चाचपडल्यासारखे. तोही आहे तसाच घेऊन गेला. मी मात्र मनात म्हटलं, याला म्हणतात कला! दोन भावांना कात्री लागणार नाही असा फोटो काढलाय आपण. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, पत्ता चुकल्यावर बरी सुचली कला.

मग एके दिवशी आजींचाच फोन आला. दिवाणखान्यात त्यांनी फोटो मोठा करून लावला होता, दारातून शिरलं की समोरच. घर घ्यायला एक गिऱ्हाईक आलं. घर बघता बघता ते फोटोपाशी थांबलं. कागदोपत्री दोन मुलगे, फोटोत तीन. गिऱ्हाइकाने विचारलं, हे मधले कोण? थोरला म्हणाला, ते आमचे वकील. गिऱ्हाईक म्हणालं, वकील असे बसतात? मग त्याने आजींना बाजूला घेऊन पुन्हा विचारलं.

“मग तुम्ही काय सांगितलंत?” मी विचारलं.

“मी काय सांगणार,” आजी म्हणाल्या. “म्हटलं, आता घरातलेच म्हणायचे.”

गिऱ्हाइकाने चहाचा कप अर्धाच टाकला. लपवलेला तिसरा वारस, आणि तोही स्वतःच कागद करणारा वकील! असलं घर कोण घेणार? त्याने बाहेर जाऊन आणखी चार जणांना सांगितलं असावं, कारण त्यानंतर जिना चढून कोणी आलंच नाही. थोरला इतका चिडला की त्याने त्याच संध्याकाळी धाकट्याला फोन लावला, वकील मधे न घालता. दोघे आईला दोष देत तासभर बोलले म्हणे. तिला दोष देण्याबाबत दोघांचं पूर्ण एकमत झालं, आणि एकमत व्हायची सवय मोडली असल्यामुळे ते नीट व्हावं म्हणून दुसऱ्या रविवारी दोघे आजींकडेच जेवायला आले. आजी अजून त्याच घरात आहेत.

मी हे सगळीकडे सांगत सुटलो. माझ्या एका फोटोने घर वाचवलं, असं. आजीही सांगत होत्या, फक्त त्यांच्या सांगण्यात मी कुठेच नव्हतो, हे मला नंतर कळलं. गेल्या आठवड्यात एका अनोळखी आजींचा फोन आला. त्यांच्या मैत्रिणीच्या घरी लावलाय तसाच फोटो त्यांना हवा होता. मी खूश होऊन विचारलं, प्रकाश तसा हवा, की मांडणी तशी? त्या म्हणाल्या, प्रकाशाचं तुमचं तुम्ही बघा हो. आमच्याकडेही विकायचं चाललंय. तो वकील तुमच्याकडून येतो, की आम्हीच बोलवायचा?

 कलेचा अपमान होता तो. फोन ठेवून द्यायला हवा होता. पण रविवार रिकामा होता, म्हणून मी आपला भीत भीत वकीलसाहेबांना फोन लावला आणि सगळी हकीकत सांगितली.  मला वाटलं, आता नोटीस येणार.

मग ते आवाज खाली आणून म्हणाले, “रविवारी मोकळा आहे मी. कोट हाच चालेल, की दुसरा घालू?”